मंदाताईंच्या वहीतला रिकामा रकाना

मंदाताई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, पल्लवीनं, फोन करून कळवलं. "आईच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर नुसता 'साहेब' म्हणून होता. म्हटलं, कळवायला हवं." मी त्या वेळी नेवाशात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून घेत होतो. फोन ठेवला, दुकानदारानं पुन्हा अक्षरांचा तक्ता समोर धरला आणि मला एकही ओळ वाचता येईना... त्याला आता पाच आठवडे झाले. दहाव्याला प्रवरेच्या काठी सगळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. मीही दोन शब्द बोललो. जे बोलायला हवं होतं, ते तेव्हाही बोललो नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या दूध संघाच्या कचेरीत मी व्यवस्थापक होतो आणि मंदाताई पत्रव्यवहार पाहायच्या. घोडेगावकडच्या, बारावी शिकलेल्या, नवरा गेल्यावर नोकरीला लागलेल्या. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचे सचिव, जनावरांचे डॉक्टर, पशुखाद्यवाले, टँकरवाले... सगळ्यांचे ईमेल आणि फोन त्यांच्याकडे. कुठल्या सचिवाला कमी ऐकू येतं म्हणून फोन न करता लिहायचं, कुठे थोरल्या भावाला आधी सांगितलं की धाकटा रुसतो, हे त्यांना पाठ. एका केंद्राचं दूध सारखं नासत होतं. सचिव कॅनला दोष देत होता. मंदाताईंनी त्याचे महिनाभराचे ईमेल माझ्यापुढे मांडले. "साहेब, ज्या दिशी टँकर वडाळ्यावरनं फिरून येतो, त्याच दिशी ह्यांची तक्रार हाय. कॅन न्हाई, रस्ता बघा." रस्ताच निघाला. मी टँकरचा रस्ता बदलला. त्यांना मात्र शाबास म्हणालो नाही.

मग कचेरीत ईमेलचं नवं सॉफ्टवेअर आलं. प्रत्येक केंद्राचं एक कार्ड, ते सगळ्यांना सामाईक. त्या केंद्राच्या कामासाठी कचेरीतून कोणी, कधी, काय लिहिलं याची यादी कार्डाखाली आपोआप उमटायची. एक जण रजेवर गेला तरी दुसऱ्याचं अडू नये, हा हेतू. त्यासाठी प्रत्येकाची ईमेलची पेटी जोडायची होती. त्या दिवशी मंदाताई पशुखाद्याची पत्रकं घेऊन घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेल्या होत्या, म्हणून त्यांची पेटी मीच जोडली. सॉफ्टवेअरनं विचारलं, या पेटीतला व्यवहार सहकाऱ्यांना दाखवायचा का? बाकी सगळ्यांना मी 'हो' दाबलं होतं. मंदाताईंच्या वेळी हात थांबला. बाईमाणसाची पत्रं चार पुरुषांनी कशाला वाचायची, असं मनात आलं. मी 'नाही' दाबलं, आपण किती सभ्य म्हणून स्वतःवरच खूश झालो, आणि विसरून गेलो.

काही महिन्यांनी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. हक्क मंदाताईंचा होता. संचालकांनी कामाचा अहवाल मागितला, तेव्हा मी एकेक कार्ड उघडून पाहिलं. त्यांचे सहकारी बापूराव यांच्या नावाच्या ओळीच ओळी. मंदाताईंची एकही नाही. मी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं.

"दिवसभर करता काय तुम्ही?"

"माझ्या पडद्यावर दिसतंय की साहेब समदं. या, बघा."

"तिथं काय, आत्ता बसून टाकलं असेल."

त्या आपल्या टेबलाकडे परतल्या. माझ्या केबिनपासून त्यांचं टेबल बारा पावलांवर होतं. मी बारा पावलं चाललो नाही. त्याच संध्याकाळी अहवालात 'कामात कसूर' असा शेरा लिहून पाठवला.

पुढचे तीन दिवस मी केबिनच्या काचेतून त्यांना पाहत होतो. हातात एक लांबट वही, तीत पट्टीनं आखलेले रकाने. प्रत्येकाकडे जाऊन तेच एक कार्ड उघडायला लावायच्या, काय दिसतं ते लिहून घ्यायच्या. बापूराव चिडवायचे, "काय मंदाताई, जनगणना काढली का?" "व्हय, तुमाला किती डोळे हायती ते मोजतीया," म्हणत त्या पुढच्या टेबलाकडे. नगरचा कॉम्प्युटरवाला फोनवर 'बंद करून चालू करा' एवढंच सांगत होता. त्यांनी ते केलं, लिहिलं, त्यापुढे फुली मारली. तिसऱ्या दिवशी त्या त्याला म्हणाल्या, "दादा, बापूरावांचं मला दिसतं, माझं त्यांना दिसत न्हाई. म्हंजी कार्ड बरं हाय. माझ्या पेटीलाच कुठंतरी कडी हाय. ती कुणी लावली ते दिसतं का?" दिसत होतं. तिथं माझं नाव होतं.

त्या एकट्या केबिनमध्ये आल्या, दार ओढून घेतलं आणि मला त्यांच्या पेटीच्या सेटिंगमधलं ते 'नाही' दाखवलं. आवाज चढला नाही. "चांगल्या मनानंच केलं असंल तुमी," म्हणाल्या. मी 'हो' दाबलं. आणि मग ते झालं, जे मी अजून विसरलो नाही. जी यादी मला रिकामी वाटली होती ती भरू लागली. मी माऊसचं चाक फिरवत राहिलो, यादी संपेना. जनावरांत लाळ्या-खुरकताची साथ होती तेव्हा एकेका गावच्या डॉक्टरला लिहिलेली पत्रं. एका सचिवाच्या बायकोच्या बाळंतपणात त्याचं काम कोण पाहील याची व्यवस्था. मी ज्या तक्रारी कधी ऐकल्याच नव्हत्या, त्या माझ्यापर्यंत पोचण्याआधीच मिटलेल्या... एका माणसाच्या हातून एवढं होतं? आपला संघ कोण चालवतं, हे मला त्या दुपारी कळलं. मी म्हणालो, "उद्याच्या बैठकीत सांगतो, चूक माझी होती." त्या म्हणाल्या, "सांगा म्हंजी झालं."

बैठकीत मी म्हणालो, "तांत्रिक बिघाड होता, दूर झाला." एक संचालक म्हणाले, "बिघाड बरा बाईंच्याच टेबलाला लागला!" सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात दाराकडे पाहिलं, तर मंदाताई फाईल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि गेल्या. जागा बापूरावांना मिळाली. शेरा कागदावर तसाच राहिला, आणि तो घेऊनच त्या निवृत्त झाल्या. मला मात्र रोज सकाळी पूर्वीसारखंच विचारायच्या, "साहेब, चहा सांगू का?" त्या विचारण्यात टोमणा शोधून मी थकलो. तो नव्हता.

शेरा काढून टाकावा, असा अर्ज मी आता संघाकडे दिला आहे. झालेलं सगळं त्यात लिहिलं आहे. त्याची प्रत घेऊन गेल्या आठवड्यात पल्लवीकडे गेलो. तिनं ती उभ्यानंच वाचली. मग आतून वही आणली. "साड्यांखाली होती, काका. मला वाटलं, भिशीची असेल." तीच लांबट वही. कार्ड, पडदा कोणाचा, दिसतं की नाही... सगळे रकाने भरलेले. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं : पेटीची सेटिंग. शेवटचा रकाना 'कोणी केलं'. तो रिकामा. नाव तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी त्या रकान्यावर बोट ठेवलं. पल्लवी म्हणाली, "भरा ना काका. तिनं जागा ठेवलीय."

रकाना अरुंद होता. माझं पूर्ण नाव त्यात मावलं.