कुत्र्याच्या पानातली खीर

तुपात बेदाणे फुलल्याचा वास आला की मला वडिलांच्या पहिल्या पक्षाचा दिवस आठवतो. भाद्रपदातलं चिकट ऊन, पडवीत मांडलेली केळीची पानं आणि वडील गेल्यापासून त्यांच्या खाटेखालीच पडून राहिलेला त्यांचा म्हातारा कुत्रा. कावळ्याचं आणि गायीचं पान वाढून झालं, मग आत्याने कुत्र्याच्या पानावर बेदाण्यांची खीर ओतली. बेदाण्याने कुत्र्याची किडनी जाते, हे कर्जतच्या गुरांच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, म्हणून मी ते पान उचललं. "ठेव रं खाली! तुझ्या बापाच्या नावाचं हाय ते," आत्या कडाडली. या बाईसमोर मी पन्नाशीतही खोकायला परवानगी घेतो, पण त्या दिवशी बोललो, "कुत्राही बापाचाच हाय गं आत्या. याला काय झालं तर बापाला काय सांगू?" "आमी जन्मभर घातली खीर, एक नाय मेला!" "मग पहिला हा नको." अख्ख्या भावकीसमोर मी ती खीर उभ्याउभ्या खाऊन टाकली आणि कुत्र्याला साधा दहीभात वाढला. त्याने तो चाटूनपुसून खाल्ला. आत्या दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बापाच्या पक्षाला कुत्र्याचा वाटा खाणारा तो हाच, असं लोक अजून पाहुण्यांना दाखवतात. हो, हाच. आणि खीर झकास झाली होती.