विकलेला निम्मा हिस्सा

नांदूरघाटला तिला सगळे वर्षाराणी सिस्टर म्हणूनच ओळखायचे. ती सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा अजिनाथ खासगी शाळेत मास्तर. बरीच वर्षं सगळा पगार घरात दिल्यावर एक दिवस तिनं सांगून टाकलं, यातला थोडा मी माझ्या मनानं गुंतवणार. लिंबागणेशला तिच्या माहेरच्या वावरात एका कंपनीचा सौरपंप बसला होता आणि चांगला चालत होता. त्याच कंपनीचे शेअर ती पगार झाला की थोडे थोडे घेत गेली.

पहिल्याच वर्षी भाव निम्म्यावर आला. अजिनाथ चार माणसांत म्हणाला, "सुया टोचायचं सोडून हिला शेठ व्हायचंय." तिनं कंपनीचे आकडे वाचले, माहेरी फोन करून पंप अजून बसतायत का ते विचारलं आणि त्या पडत्या भावात आणखी घेतले. मात्र एक गोष्ट तिनं तेव्हाच मनाशी पक्की केली. घरातल्या एकूण शिलकीत हा एकटा शेअर निम्म्याच्या वर गेला, की त्यातले निम्मे विकायचे. मग कुणी काही म्हणो.

ती वेळ आली. भाव असा चढला की सासरे सुंदरराव पारावर बसून "आमच्या सूनबाईचा शेअर" सांगू लागले. वर्षाराणीनं ठरल्याप्रमाणे निम्मे विकले आणि पैसे पोस्टात ठेवले.

आणि भाव चढतच राहिला.

मग घरात जे सुरू झालं, ते भाव पडला होता तेव्हापेक्षा वाईट होतं. ती ताट वाढायला लागली की अजिनाथ मोबाइल पुढं धरायचा. "बघ, आज पुन्ना वर. तू इकले नसते तर!" सुंदररावांनी तर तिच्याशी बोलणंच टाकलं. जे कधी हातात आलंच नव्हतं, ते तिनं उधळून टाकल्यासारखं सगळे तिच्याकडं बघायचे.

"पडला तर काय कराल?" तिनं एकदा अजिनाथला विचारलं.

"पडंल कावून? साऱ्या दुनियेला सौरपंप लागतेत."

"पुढचं मला कळत न्हाई. म्हनून तर निम्मे इकले न् निम्मे ठिवले."

"भेकड हायेस तू लई."

दिवाळीत सुंदररावांनी पाहुण्यांदेखत तिच्यापुढं हात जोडले. "सूनबाई, आमचं घर जरा वर येऊ दे." तिथं ती मोडली. पोस्टातले पैसे काढायच्या कागदावर सही केली, शेअरच्या खात्याचा पासवर्डही अजिनाथला दिला. त्यानं सगळ्या पैशाचे चढ्या भावानं पुन्हा तेच शेअर घेतले.

उन्हाळ्याच्या तोंडाला बातमी आली, की कंपनीनं न बसवलेले पंपसुद्धा बसवल्याचे दाखवले होते. रोज बाजार उघडला की भाव त्या दिवशी जेवढा खाली जाऊ शकतो तेवढा जायचा आणि तिथंच अडकायचा. विकायला सगळे, घ्यायला कुणी नाही. अजिनाथ पोरांना शुद्धलेखन घालून वर्गातच विकायची खटपट करायचा. अखेर विकले गेले, तेव्हा हाती काही म्हणावं असं उरलं नव्हतं.

घरी येऊन तो तिच्यावरच उसळला. "तुला समदं कळत होतं ना? मंग मला आडवलं कावून न्हाई?"

ती काही बोलायच्या आत ओसरीवरून सुंदरराव म्हणाले, "तिचाच शेअर व्हता त्यो. तिनंच आनला घरात."

गावानंही तेच धरलं. दवाखान्यात लेकरांना डोस पाजायला आलेल्या बाया तिच्या पाठीमागं कुजबुजायच्या, सिस्टरनं घर बुडवलं.

तिनं माजलगावला बदली मागून घेतली. आता लेकीला घेऊन तिथं भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. अजिनाथ रविवारी येतो, जेवतो, पोरीचा अभ्यास घेतो. मागच्या खेपेला चप्पल घालता घालता त्यानं सहज विचारलं, "आता कुठला घेतलास का?"

"न्हाई," ती म्हणाली.

घेतला होता. नवऱ्याशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती, आणि बोलताना तिची जीभ जराही अडखळली नाही.