कोपऱ्यातली सही

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला सगळे नक्कलदादा म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी वाद्यवृंदांसाठी स्वरलिपीच्या नकला केल्या. संगीतकाराचा एक कागद घ्यायचा आणि प्रत्येक वादकाला त्याचा भाग पाच रेघांवर स्वच्छ उतरवून द्यायचा. मक्षिकास्थाने मक्षिका हा त्यांचा धर्म. मुळात चूक दिसली तर विचारत, स्वतः कधी सुधारत नसत. संगीतकाराने ताडून पाहिलं की मगच दादा कोपऱ्यात ‘नक्कल बरोबर’ लिहून सही करत.

पुढे ते काम संगणकावर गेलं. साठी ओलांडल्यावर दादा सॉफ्टवेअर शिकले. आकडा दाबून स्वराची लांबी ठरवायची, मग अक्षर दाबून स्वर रेघेवर बसवायचा. सगळं दोन बोटांनी चाले. आमची ही म्हणायची, “कोंबडीसारखे दाणे टिपतोस, दादा.” ते म्हणत, “पोट भरल्याशी मतलब.”

या दोघांची मोठी बहीण, ताई, घरी व्हायोलिन शिकवायची. तिने आयुष्यात एकच धून रचली होती, पेन्सिलने लिहिलेली, चार पानांची. गेल्या वर्षी तिचं दुखणं बळावलं आणि डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा तिने ती पानं दादांना दिली. तिला स्वतःला आता गज धरवत नव्हता. विद्यार्थिनींनी ती धून एकदा आपल्यासमोर वाजवावी, एवढंच तिचं मागणं होतं.

दादांनी आठवड्यात नक्कल केली. मूळ पानांवर बरेच स्वर आपल्या जागेपासून थोडे उजवीकडे होते. ताईचा हात हल्ली कापत असे, त्यामुळेच असेल असं त्यांना वाटलं. सॉफ्टवेअर प्रत्येक स्वर मोजून आपोआप जागच्या जागी बसवतं. त्यांनी बसू दिले. ताईच्या डोळ्यांना आता बारीक दिसत नव्हतं, म्हणून वाजवूनच ताडायचं ठरलं.

रविवारी सकाळी तीन मुलींनी तिच्या पलंगाशी उभं राहून धून वाजवली. एकही स्वर चुकला नाही. ताई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “छान वाजवलंत गं. कोणाचं आहे हे?”

हिने पाणी आणायचं निमित्त केलं. मुली व्हायोलिनं पेटीत ठेवू लागल्या.

घरी गेल्यावर दादांनी मूळ पानं खिडकीच्या उजेडात धरली. पाच रेघा छापलेल्या त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव होतं. तो छापखाना बंद पडून पंचवीस वर्षं झाली होती, आणि तेव्हा ताईचा हात दगडासारखा स्थिर होता. वाजवणारीने तिथे किंचित रेंगाळून पोहोचावं, म्हणून तिने ते स्वर मुद्दाम पुढे लिहिले होते.

मला फोनवर ते म्हणाले, “जन्मात एकदाच सुधारलं, जावईबापू. तेही तिचंच.”

दुसऱ्या दिवसापासून एकेक स्वर निवडून ते बाणाच्या कळीने सरकवू लागले. शेजारी मूळ पान, हातात पट्टी. संगणकाला वाजवायला लावलं तर फरक शून्य, कारण स्वर कागदावर कुठे बसलाय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. माणसाने वाचलं तरच ते कळणार होतं. एकदा चुकून भलतीच कळ दाबली गेली आणि अख्खं पान पुन्हा सरळ झालं. ते पान त्यांनी पहिल्यापासून केलं. मी रोज विचारत असे, किती उरलं. शुक्रवारी चार ओळी उरल्या होत्या.

शनिवारी सकाळी ताई गेली.

त्या चार ओळी दादांनी महिन्याभराने पुऱ्या केल्या. मुली दादांच्याच बैठकीच्या खोलीत आल्या आणि त्यांनी नव्या पानांवरून वाजवलं. मला संगीतातलं कळत नाही, पण या वेळी ती धून मधूनमधून थांबून मागे वळून बघितल्यासारखी वाटली.

नंतर मी पान हातात घेतलं. कोपरा कोरा होता. सही राहिली का, असं विचारलं.

“ताडून बघणारी गेली,” दादा म्हणाले, आणि चारही पानांच्या कडा जुळवत बसले.