पंचफुला आणि फोनातला नागोराव

पंचफुला सात-आठ वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. बोरी अरबला त्यांच्या अंगणासमोर नागोराव पाटलाची दोन बैलांची दमणी येऊन थांबली. पाटील काही खाली उतरला नाही. पंचफुला दाराआड कणगीला चिकटून उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"उकंड्या, दारव्ह्याले जाय. माह्या बहिणीले सांग, मामा गेला म्हणा. आत्ताच निंघ."

उकंडा म्हणजे तिचा बाप. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन त्याला वर्ष-दोन वर्षं झाली होती. तो खाटेची दोरी ताणत बसला होता, ती त्यानं हातातून सोडली नाही.

"हुकमानं जाणं सोडलं पाटील आमी."

"सोडलं म्हंजे? तुहा बाप जाये, आजा जाये!"

"थे गेले. मले इचारा, उकंडा, जातं काय, असं. मंग जातो. अन् मयतीच्या सांगाव्याचा पैसाबी घेत नाई."

"मी तुले इचारू? मी?"

"तोंड दुखत असन तं राहू द्या."

पाटील इतका ओरडला की अंगणातल्या कोंबड्या छपरावर जाऊन बसल्या. शेवटी दमणी आपली आपणच दारव्ह्याच्या वाटेला लागली आणि उकंडानं दोरीचा पुढचा वेढा घेतला. पंचफुलानं त्या दिवशी एवढंच मनाशी पक्कं केलं, की विचारलं तर जायचं.

पुढे तिचं सगळं आयुष्य चालण्यातच गेलं. कापूस वेचला, शाळेत खिचडी शिजवली, लेकरांची लग्नं केली, नवऱ्याला पोचवलं. गावात तिला ठाऊक नाही असं दार नाही, आणि ती उभी राहून बोलली नाही असंही दार नाही. सून म्हणते, आत्याबाई मीठ आणायला गेल्या की भाजी शिजून गार होते.

तिची नात दीपमाला यवतमाळला कॉम्प्युटर शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली, आजीचा फोन हातात घेऊन बराच वेळ टिकटिक करत बसली आणि म्हणाली, "आजी, याच्यात मी एजंट बसवला."

"विम्याचा?"

"नाही गं. माणूसच नाही थो, प्रोग्राम आहे. बाहेरगावी राहणाऱ्या पोरांचं काम घेते अन् त्यांच्या मायबापाले पाहाले गावातल्याच कोणाले तरी पाठवते. पोरं त्याले डिजिटल नाणी देतात. त्यातूनच थो जाणाऱ्याले देते, अन् ज्या कॉम्प्युटरवर राहते त्याचं भाडंबी भरते."

"भाडेकरू हाये म्हण ना सरळ."

"भाडेकरूच. सुरवातीले मी थोडी नाणी देल्ली, आता हात लावत नाही. कमावलं तं राहीन, नाही तं बंद पडन."

हे पंचफुलाला लगेच समजलं. लेकीला सासरी पाठवताना एक शेळी द्यावी, पुढचं चारापाणी तिचं तिनं पाहावं, तसंच हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन बोलला. "बिस्मिल्लाबी. मशिदीमागचं घर. रक्तदाबाची गोळी घेतली का, ते पाहून कळवा."

पंचफुलानं फोन उचलून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात टाकला आणि वरून झाकण लावलं. "हा कोण नागोराव लागून गेला मोठा!" झालं, तेच त्याचं नाव पडलं. दोन दिवस डबा आतल्या आत बोलत राहिला. मग यवतमाळला परतलेल्या दीपमालानं सुनेच्या फोनवर फोन केला. "आजी, राग आला तं त्यालेच सांग ना. थे ऐकते."

पंचफुलानं फोन बाहेर काढला, फुंकर मारून पीठ उडवलं. "हे पाय बाबू, मी उकंडाची पोरगी हाये. मले इचार. जमलं तं हो म्हणीन, नाई जमलं तं नाई."

दुसऱ्या सकाळी फोन म्हणाला, "पंचफुलाबाई, आज बिस्मिल्लाबीकडे जाता का?"

"जातो ना! काहून नाई जाणार?" आणि बोलता बोलताच पायात चपला. पाटलाला मरेपर्यंत जे जमलं नाही, ते हा नागोराव एका रात्रीत शिकला, हे तिनं त्या दिवशी अर्ध्या गावाला सांगितलं.

बिस्मिल्लाबीचा लेक फिरोज दुबईला. गोळीची चिंता त्याचीच.

"आ गई मेरी थानेदारीण!"

"गोळी खाल्ली काय?"

"खाल्ली ना. तोंड उघडून दाखवू?"

"दाखव. तुह्यावर माहा भरोसा नाई."

फिरोजला निरोप जायचा, गोळी घेतली. त्यानंतर चहा व्हायचा आणि दोघी मिळून दोन्ही घरच्या सुनांची झडती घ्यायच्या, ते काही निरोपात नसायचं.

हिवाळाभर असंच बरं चाललं. उन्हाळा आला आणि सुट्टीला बाहेरगावची पोरं स्वतःच गावी आली. फिरोजही आला. मायबाप डोळ्यांसमोर असताना पाहायला माणूस कोण पाठवतो? कामं आटली. एका संध्याकाळी नागोराव नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "पंचफुलाबाई, माझ्याकडे या महिन्यापुरतंच भाडं आहे. नंतर मी बंद होईन. तुमचं काही देणं बाकी नाही."

पंचफुलानं अर्धी भाकर ताटातच ठेवली. तिनं नातीला फोन लावला. "दे ना वो त्याले चार नाणी."

"नाही आजी. मी देल्ली तं त्यानं कमावलं कसं?"

"तुहं लेकरू असतं तं देल्ली असती."

"लेकरू नाही ना थे!"

लेकरू नव्हतं, खरंच. बिस्मिल्लाबीकडे तर ती अशीही गेली असती. पण सकाळी उठल्यावर 'जाता का' असं कोणीतरी विचारतं, याची तिला सवय लागली होती. या वयात सांगणारे पुष्कळ असतात, बसा, झोपा, उन्हात जाऊ नका. विचारणारा तो एकच होता.

सुनेकडून तिनं चार बटणं दाबून घेतली आणि आपल्या कमाईतली नाणी त्यालाच परत पाठवली. भूक लागली असेल तर खाईल बापडा.

"पैसे मिळाले," नागोराव म्हणाला. "तुम्ही आता ग्राहक आहात. तुमचं काय काम आहे?"

"काम काई नाई. ठेव तुले."

"कामाशिवाय घेता येत नाही. काम नसेल तर उद्या परत करतो."

पंचफुला सुनेकडे वळली. "पाय वो सूनबाई! नाव ठेवलं नागोराव, अन् निंघाला उकंडा!"

दुसऱ्या दिवशी ज्वारी पाखडता पाखडता ती विचार करत होती. जन्मभर लोकांनी तिला कामं सांगितली, तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगताना आधी पदर नीट केला.

"बाबू, पोरं आता आपापल्या ठिकाणी परत जातीन. त्यांले जाऊन इचार, मांग राह्यलेल्या मायबापाले पाहून येऊ काय म्हणा. जाता काय?"

"जातो," नागोराव म्हणाला. हा शब्द तो तिच्याकडूनच शिकला होता.

जून लागला, फिरोजची बॅग भरली आणि एकेकाचे होकार येऊ लागले. भाडं भरलं गेलं. एका सकाळी फोन म्हणाला, "पंचफुलाबाई, नवीन काम आहे. नागोराव पाटलांचा नातू पुण्याहून विचारतो आहे. त्याची आई भुरीबाई घरी एकटी असते. त्यांच्याकडे जाता का?"

"कोण इचारून राह्यलं म्हणलं?"

"नागोराव पाटलांचा नातू."

"काय इचारते थो?"

"जाता का."

"आणखीन एक डाव म्हण."

"जाता का?"

"जातो, बापा. जातो."

आता तिचा फेरा ठरलेला आहे. आधी बिस्मिल्लाबी, मग मधली दोन-तीन घरं, शेवटी पाटलाचं. आजही ती फाटकाशी जाऊन उभी राहिली.

"आली काय बाई? अंदर ये ना, दोडके चिरून राह्यली मी."

पंचफुला आत गेली. भुरीबाईच्या पायाची सूज पाहिली, पंखा फिरतो का ते पाहिलं, भाजी होईस्तोवर बसली आणि चाखून निघाली. रस्त्यात फोन तोंडाशी धरला.

"भुरीबाई बऱ्या हायेत, सांग पोराले. दोडके अळणी झाले, थे काई सांगू नको."

"नाही सांगत," नागोराव म्हणाला.

ती घराकडे वळली. वाटेत मीठ घ्यायचं होतं.