न मागितलेली विश्रांती

लग्नाला सव्वीस वर्षं होऊन गेल्यावर एका संध्याकाळी नवरा घरी आला आणि म्हणाला, "अंदमानला जाऊ. पाच दिवस. आपण दोघंच." मी पोळ्या लाटत होते. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "आणि आई?"

"ताई येईल मलकपेठहून राहायला. सगळं ठरलंय."

सगळं ठरलंय. ते ऐकून मला तेव्हा बरं वाटलं, याचाच आज जास्त राग येतो.

ताई म्हणजे माझी नणंद, आणि आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय एक्याऐंशी. चार वर्षांपूर्वी त्या बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मी तेव्हा इथे हैदराबादेत, जामबागेतल्या एका शाळेत गणित शिकवत होते. मी नोकरी सोडायची, हेही असंच ठरलं. नणंद म्हणाली, "बाहेरची बाई आईला चालायची नाही." नवरा म्हणाला, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही." मला कुणी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.

आमचं सासू-सुनेचं काही गोडीगुलाबीचं नव्हतं. आम्ही रोज भांडायचो. मी पुण्याची, आमटीत गूळ घालणारी. त्या जन्मापासून हैदराबादच्या. माझ्या आमटीला त्या सरबत म्हणायच्या. दुपारी पत्ते खेळताना सरळसरळ लबाडी करायच्या आणि मी पकडलं की उलट मलाच झापायच्या, "कायकू तपासतेस गं इतकं? मास्तरीण!" पण उठताना कुठल्या बाजूने हात द्यायचा, पाय कधी आखडतो, गोळी घेतली म्हणून खोटं कधी सांगतात, हे सगळं मला पाठ होतं. चार वर्षांत ते माझं झालं होतं.

निघताना त्या म्हणाल्या, "जा बाई, फिरून ये. समुद्रात लांब नक्को जाऊस."

पोर्ट ब्लेअरहून बोटीने आम्ही एका छोट्या बेटावर गेलो. खोलीच्या दारातून समुद्र दिसायचा. पलंगावर टॉवेलांचे दोन हंस करून ठेवलेले, त्यांच्याभोवती जास्वंदीची फुलं. पहिले दोन दिवस मी खरंच सुखात होते, हे कबूल करायला हवं. गुडघाभर पाण्यात बसून राहिले. कुणाला हाक मारायची नव्हती, कुणाची हाक येणार नव्हती. फोनला रेंज फक्त जेटीपाशी मिळायची. नवरा रोज तिथे जाऊन बहिणीशी बोलून यायचा आणि सांगायचा, "आई मजेत आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी मीही त्याच्याबरोबर जेटीवर गेले. तो शहाळं घ्यायला थांबला, तेवढ्यात मी नणंदेला फोन लावला. तिने उचलला नाही. म्हणून नल्लकुंट्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या तेलुगू बाईंना केला. गेली वीस वर्षं आम्ही दोघी दखनीतच बोलतो.

"अम्मा तो कल सुबेच गए ना," त्या म्हणाल्या. "गाडी आई थी. कपड्यां की पेटी बी ले गए. बहोत रो रए थे. आपकू मालूम नै क्या?"

मी वळून बघितलं. नवरा दोन शहाळी घेऊन येत होता, हसत.

"आई कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने शहाळी कट्ट्यावर ठेवली. तेवढ्यावरूनच मला कळलं.

"अगं, नीट ऐक. शहराबाहेर एक चांगली जागा आहे. नर्स आहेत, बाग आहे. तुझ्यासाठीच केलं गं. तू किती दमतेस ते मला दिसत नाही का?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तुला माहीत होतं मी नाही म्हणणार. तरीही केलंस."

सव्वीस वर्षं मी त्याला 'अहो' म्हणत आले. त्या जेटीवर पहिल्यांदा 'तू' म्हटलं आणि परत मागे फिरावंसं वाटलं नाही.

मी लगेच परतीच्या बोटीची चौकशी केली. त्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाची, दोन्ही भरलेल्या. परवा आमचं तिकीट होतंच. म्हणजे ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही अशा माणसाबरोबर त्या सुंदर बेटावर मला दोन दिवस काढायचे होते. मी किनाऱ्याने चालत सुटले. पायाखाली पोवळ्याचे मेलेले तुकडे टोचत होते. पाणी इतकं निळं होतं की त्याचीही चीड आली. खोलीत आले तर पलंगावर पुन्हा हंस बसलेले. मी ते टॉवेल झटकून जमिनीवर फेकले. नंतर वाटलं, ज्या बाईने ते केले तिचा काय दोष? उचलून घड्या घातल्या.

संध्याकाळी पुन्हा जेटीवर जाऊन नणंदेला फोन लावला. या वेळी तिने उचलला.

"ताई, आईंना काय सांगून नेलंत?"

 ती म्हणाली, "सांगितलं की तुला आता झेपत नाही. तूच म्हणालीस असं सांगितलं. त्याशिवाय ती उठली असती का?"

 मला न सांगता नेलं, ते एक. पण नेताना माझं नाव पुढे केलं! मी पाण्यात पाय सोडून बसले होते तेव्हा माझी सासू गाडीत बसून रडत होती, आणि तिच्या लेखी तिला घालवणारी मी होते.

पुढचा सबंध दिवस आम्ही भांडण्यात घालवला. शेवटी त्याच्या तोंडून खरं निघालं. "मला घरी यायची भीती वाटायची," तो म्हणाला. "तुम्ही दोघी माझ्याकडे बघायचात आणि मला अपराधी वाटायचं."

"मग तुझी सुटका तुझ्या नावावर करायची होतीस. माझं नाव कशाला घेतलंस?"

तो उठून बॅग भरायला लागला. 

हैदराबादला उतरल्यावर तो म्हणाला, "आधी घरी जाऊ, आंघोळ करू." मी म्हटलं, "पत्ता सांग ड्रायव्हरला." सामानासकट आम्ही थेट तिथे गेलो.

जागा वाईट नव्हती. खरंच बाग होती. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांची पेटी न उघडता पायापाशी ठेवलेली होती. मला बघून म्हणाल्या, "आलीस? मानवली का हवा?"

"आई, मी काही सांगितलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं."

"हौ. आता असंच म्हणशील."

मी नवऱ्याला पुढे ओढलं. "सांग आईंना, कुणी ठरवलं ते."

शेजारच्या पलंगावरच्या बाई बघत होत्या, नर्स दारात उभी होती. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. सासूबाईंनी त्याच्याकडे कितीतरी वेळ बघितलं. 

मग मी विचारलं, "आई, तुम्हाला इथे राहायचंय की घरी यायचंय? राहायचं असलं तरी मला राग नाही."

"इथं भातात मीठ नसतं," त्या म्हणाल्या. मग मुलाला म्हणाल्या, "उचल पेटी."

आता दिवसा एक बाई येते, आईंना ती मुकाट्याने चालते. मी पुन्हा शाळेत जाते. सकाळचं आंघोळीचं, गोळ्यांचं, चालवण्याचं नवरा करतो. सुरुवातीला त्याला वॉकरची उंचीसुद्धा लावता येत नव्हती. त्याने माझी माफी मागितली. मी ऐकून घेतली. दिली असं मात्र म्हणणार नाही. नणंद त्यानंतर आमच्याकडे आलेली नाही.

आणि आई? पत्त्यांत हरल्या, भाजी बिघडली, की म्हणतात, "पाठव परत. रस्ता माहीत झालाय आता तुला." मी किती वेळा सांगितलं की मी पाठवलं नव्हतं. त्या मान डोलावतात, आणि आठवड्याने पुन्हा तेच. हा टोमणा खरं तर त्या दोघा भावंडांच्या वाटणीचा आहे. पण ऐकावा मला लागतो.