भिंतीपलीकडचा सिग्नल

आपल्या मनालाही सिग्नल असतो आणि तो दिसताक्षणी मोठ्यानं ओरडून सांगायचा असतो, असं मानणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचा. मनमाडला तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झाल्यावर, नव्वद सालाच्या सुमारास ते नाशिकरोडला आमच्या शेजारी आले. इंजिनात सिग्नल दिसला की एकानं त्याचा रंग ओरडायचा आणि दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा, ही तिथली शिस्त. तीच यांनी घरी लागू केली. राग आला की "लाल!", हाव सुटली की "पिवळा!" आणि स्वयंपाकघरातून वहिनी, लाटणं न थांबवता, तोच रंग परत म्हणायच्या. पहिल्याच रविवारी मी मोजलं: दुपारपर्यंत लाल सात, पिवळे अकरा.

मिसळीच्या दुकानात तिसऱ्या पावाला हात घालताना ते "पिवळा!" असं ओरडले, तेव्हा वेटरनं दचकून रश्श्याचं भांडंच मागं घेतलं. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून वाद पेटला. सेक्रेटरी म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, गाडी केव्हाच गेली, तुमची शिट्टी मात्र अजून वाजतेय!" हे ताडकन उठले, कानापर्यंत तापले आणि गरजले, "लाल!" बायकांच्या रांगेतून वहिनींचं खणखणीत "लाल!" आलं. हे मुकाट्यानं खाली बसले. आधी सेक्रेटरीच हसले. मी परतताना विचारलं, "अहो, एवढ्यानं राग जातो का?"

"जात नाही हो, भाऊ. लाल दिवा लागणं हा गुन्हा नाही, तो न बघता पुढं जाणं हा गुन्हा. पण एकट्याच्या डोळ्यांवर मी कधी गाडी हाकली नाही."

दहा-बारा वर्षांनी वहिनी गेल्या. त्यानंतर तेवीस दिवस भिंतीपलीकडून एकही रंग ऐकू आला नाही. ऐकू यायची ती भांड्यांची आदळआपट आणि दूधवाल्यावरचं खेकसणं. शेवटी दूधवाल्यानं यायचंच सोडलं. "हा माणूस असा नव्हता हो," आमची ही म्हणाली.

चोविसाव्या सकाळी मी दाढी करत होतो. पलीकडे काहीतरी खळ्ळकन फुटलं. मग बऱ्याच वेळानं, अगदी हळू, विचारल्यासारखं आलं, "लाल?"

गालावर साबण तसाच ठेवून मी ओरडलो, "लाल!"

मी सात सेकंद मोजले.

"उशीर झाला, भाऊ."

"उद्यापासून होणार नाही."

"होऊ द्या," भिंतीपलीकडून आवाज आला. "तीही सुरुवातीला लेटच असायची."