गंध लावलेले चार्जर

सकाळपासूनच हवा अंगाला चिकटत होती. पाऊस येतो येतो म्हणायचा आणि येत नव्हता. तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत एकोजीरावांनी दुकानाचं शटर वर ढकललं आणि घाम पुसत टेबलापाशी उभे राहिले. काल आयुधपूजा झालेली. दुरुस्तीला आलेले लॅपटॉपचे चार्जर हेमावतीनं, त्यांच्या बायकोनं, ओल्या फडक्यानं पुसून, गंध-कुंकू लावून मांडले होते. पुसताना गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिकटपट्ट्याही तिनं सोलून काढल्या होत्या.

"मळक्या पट्ट्यांसकट पूजा करतात काय?" ती म्हणाली.

"सेरी, असू दे," एकोजीराव म्हणाले. भांडायलाही जोर लागतो.

तेवढ्यात वरच्या मॅन्शनमध्ये, भाड्याच्या खोलीत राहणारा सांगलीचा मकरंद आला. त्याच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, नुसत्या वायरीवर चालायचा.

"काका, माझा चार्जर द्या. दहाला कॅमेऱ्यावर मुलाखत आहे, शोळिंगनल्लूरच्या कंपनीची."

"थांब तंबी, बघतों."

कंपनीगणिक पिन निराळी. ढिगातल्या दोनच त्याच्या मशीनला बसल्या. पहिलीनं दिवा लागून विझला. दुसरीनं पडद्यावर आलं, चार्जर ओळखीचा नाही, आणि मशीन बंद पडलं.

"पण बसतेय की पिन."

"बसते रे. पत्रिका जुळून तरी काय होतं?"

"आपली जुळली होती," हेमावती आतून म्हणाली.

"तेच सांगतों."

मग तिचाच हात थांबला. "अय्यो. काल पूजेच्या घाईत ती कॉलेजातली शरण्या आली न? तिला एक दिला मी. बसला म्हणून घेऊन गेली."

शरण्याचं कॉलेज तांबरमला, तासभर लांब. फोन लावला, तो बंद. मकरंद पायरीवर बसला. "मागच्या वेळी ऐन मुलाखतीत वीज गेली. काका, ते आता तिसऱ्यांदा नाही बोलावणार."

एकोजीरावांनी बिलांचा स्वतःचा जुना कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. हेमावतीनं नेमकं कॅमेऱ्यावरच गंध लावलेलं. ते शर्टाच्या टोकानं पुसलं, स्टूल पुढे सरकवलं, शटर अर्धं ओढलं आणि बाहेर उकाड्यात उभे राहिले. हॉर्न मारणाऱ्या रिक्षांना हातानंच पुढे घालवत राहिले. आत मकरंदचं इंग्रजी अडखळलं, मग सुरळीत झालं.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. "कळवतो म्हणाले."

"कळवतील. चार्जरचं शरण्याला सांगतों, संध्याकाळी घेऊन येईल."

मकरंद जिना चढून गेला. शटर वर करून एकोजीरावांनी चिकटपट्टीची गुंडाळी शोधली, तिचं टोक सापडेपर्यंत नख फिरवत राहिले. मग पहिला चार्जर ओढला.

"कुंकवावर चिकटेल का?" हेमावतीनं विचारलं.

"खालच्या बाजूला लावतों. कात्री दे."